बॅरल खरंच गेली का? नळीची तपासणी, सफाई आणि ग्रुपिंग

ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचे गोळ्यांच्या भोकांचे घोळके, पसरायला लागले की रेंजवर एक वाक्य हमखास कानावर येतं: "बॅरल गेली बहुतेक." वाक्य मोठं सोयीचं आहे. त्यात नेमबाजाचा दोष नाही, काडतुसाचा नाही, आणि नवी बॅरल बसवली की सगळं सुरळीत होईल अशी आशाही आहे. पण .२२ रिमफायरची (ज्या काडतुसाचं पेटवणारं मिश्रण बुडाच्या कडेत असतं) बॅरल नुसत्या गोळीबाराने झिजायला फार काळ जातो. पन्नास हजार काडतुसं पचवूनही उत्तम चालणाऱ्या बॅरल काही दुर्मिळ नाहीत. मोठ्या सेंटरफायर (पेटवणारं मिश्रण बुडाच्या मध्यभागी) रायफलींचं गणित वेगळं, ते पुढे येईलच. मात्र दोन्हीकडे एक गोष्ट सारखी दिसते. "गेली" म्हणून बाजूला काढलेली बॅरल पुष्कळदा फक्त मळलेली असते, कधी तिच्या तोंडाशी टवका उडालेला असतो, आणि कधी तर दोष बॅरलमध्ये नसतोच, स्टॉकचा, म्हणजे रायफलच्या दस्त्याचा, स्क्रू ढिला असतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, तसला प्रकार.

म्हणून इथे क्रमाला महत्त्व आहे. जे तपासल्याने काहीच बिघडत नाही ते आधी. नळीत ब्रश घालणं त्यानंतर. आणि एकदा केलं की परत फिरवता येत नाही असं सगळं, म्हणजे घासणं, कापणं, बदलणं, अगदी शेवटी.

कुठल्याही पायरीआधी मॅगझिन काढा, बोल्ट मागे घ्या, चेंबर, म्हणजे नळीचा काडतूस बसतं तो मागचा भाग, रिकामं असल्याची डोळ्याने आणि बोटानेही खात्री करा, आणि मग बोल्ट रायफलमधून पूर्ण काढून ठेवा. काम चालू असलेल्या टेबलावर काडतुसं नकोत. पुढे आपण नळीत डोकावणार आहोत, त्यामुळे हा नुसता उपचार समजू नका.

## गोळी नळीत असताना काय होतं

चेंबरमधून सुटलेली गोळी आधी थ्रोटमध्ये शिरते. थ्रोट म्हणजे चेंबर संपून रायफलिंग, म्हणजे नळीतल्या पिळाच्या खाचा आणि उंचवटे, सुरू होण्यापूर्वीचा छोटा निमुळता टप्पा. तिथून पुढे नळीतल्या उंचवट्यांमध्ये, म्हणजे लँडमध्ये, गोळी रुतते आणि फिरायला लागते. .३०८ बॅरलमध्ये समोरासमोरच्या लँडमधलं अंतर ७.६२ मिमी आणि खाचांमधलं ७.८२ मिमी असतं. म्हणजे प्रत्येक बाजूला खाचेची खोली जेमतेम ०.१ मिमी, वहीच्या पानाच्या जाडीएवढी. सगळी पकड एवढ्याशा उंचवट्यावर अवलंबून.

.२२ लाँग रायफलच्या बॅरलमध्ये सहसा १६ इंचांत एक फेरा असतो. गोळी सेकंदाला ३३० मीटर वेगाने निघाली तर ती मिनिटाला साधारण ४८ हजार फेरे या गतीने फिरत बाहेर पडते. १२ इंचांच्या फेऱ्याच्या .३०८ मधून सेकंदाला ८०० मीटर वेगाने निघालेली गोळी दीड लाखाच्याही वर जाते. इतक्या गतीने फिरणारी वस्तू किंचित जरी तिरकी झाली तरी त्याचा हिशेब टार्गेटवर चुकता होतो.

गोळीला बॅरलकडून तीनच गोष्टी हव्या असतात. आत शिरताना ती नळीच्या अक्षात सरळ असावी. हे थ्रोटचं काम. पूर्ण लांबीभर पकड सारखी असावी, मध्येच सैल, मध्येच घट्ट नको. हे बोअरचं, म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीचं काम. आणि बाहेर पडताना तिच्या बुडामागचा दाबाखालचा वायू चारी बाजूंनी एकाच क्षणी सुटावा. हे क्राउनचं, म्हणजे नळीच्या तोंडावरच्या कडेचं काम. माझ्या मते यांत सगळ्यात दुर्लक्षित क्राउन आहे. तिथे एका बाजूला ओरखडा असेल तर वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळीचं बूड ढकलतो. गोळीच्या टोकाला थोडा पोचा आला तर फारसं बिघडत नाही, बूड मात्र तिरकं झालं की गोळी भरकटते. मग त्याच बुडावर शेवटचा हात फिरवणाऱ्या कडेला किती जपायला हवं ते उघड आहे.

## पहिली पायरी: बॅरल सोडून बाकी सगळं

स्टॉक आणि अ‍ॅक्शन (बोल्ट बसतो तो यंत्रभाग) जोडणारे स्क्रू टॉर्क रेंचने, निर्मात्याने दिलेल्या आकड्यावर तपासा. "हाताला घट्ट वाटतात" हे चालणार नाही. लाकडी स्टॉक हवेतल्या ओलाव्याने फुगतो-आक्रसतो, त्यामुळे महिन्यापूर्वी बरोबर असलेला ताण आज बरोबर असेलच असं नाही. नंतर स्कोपच्या रिंगा आणि माउंट, किंवा पीप साइट (बारीक भोकातून नेम धरायचं साधन) असेल तर तिची बैठक. साइट हलकेच दाबून पाहा. जराही खेळ जाणवला तर तपास तिथेच थांबला.

बॅरल फ्री-फ्लोट असेल, म्हणजे पुढे स्टॉकला कुठेच टेकत नसेल, तर एक जाडसर कागद तिच्याखालून चेंबरपर्यंत सरकवत न्या. जिथे अडेल तिथे स्पर्श होतोय. नळी थंड असताना कागद सहज जातो आणि तापल्यावर अडतो, असंही होतं. म्हणून शक्य असेल तर हे दोनदा करा.

काडतुसांचा लॉट, म्हणजे एका वेळी बनवलेल्या खेपेचा, क्रमांक पाहा. .२२ मध्ये एकाच कंपनीचे, एकाच नावाचे दोन लॉट एकाच बॅरलमधून वेगवेगळे ग्रुप देतात, आणि हा फरक झिजेच्या फरकापेक्षा मोठा असू शकतो. बिघाड सुरू झाला तेव्हाच नवा खोका फोडला होता का, एवढा एक प्रश्न स्वतःला विचारला तरी बराच त्रास वाचतो.

## दुसरी पायरी: पुरावा गोळा करा, आणि तीन गोळ्यांवर विश्वास ठेवू नका

रायफल पक्क्या टेकूवर ठेवा, पुढे बॅग, मागे बॅग. वारा शक्य तितका कमी असलेली वेळ निवडा. पाच-पाच गोळ्यांचे पाच ग्रुप, किंवा दहा-दहाचे दोन, वेगवेगळ्या बुलवर (टार्गेटच्या मध्यावर) मारा. कागद जपून ठेवा आणि प्रत्येकावर लॉट, तापमान, मागच्या सफाईनंतर किती गोळ्या झाल्या हे लिहा.

तीन गोळ्यांचा ग्रुप दिसायला देखणा असतो, पण तो खोटं बोलतो. समजा एखाद्या रायफलचे तीन गोळ्यांचे ग्रुप सरासरी १० मिमी येतात. तीच रायफल, तीच काडतुसं, तोच नेमबाज, काहीही न बिघडता पाच गोळ्यांना सरासरी साधारण १२.७ मिमी आणि दहा गोळ्यांना साधारण १५.८ मिमी देणार. हा निव्वळ संख्याशास्त्राचा खेळ आहे. गोळ्या वाढल्या की टोकाच्या दोन भोकांमधलं अंतर वाढणारच. मागच्या वर्षीचा तीनचा ग्रुप आणि आजचा दहाचा ग्रुप शेजारी ठेवून "बॅरल गेली" असा निकाल देणारे लोक मी पाहिले आहेत. तुलना करायची तर तितक्याच गोळ्यांची करा. आकड्यांचा अंदाज यावा म्हणून सांगतो: ५० मीटर रायफलच्या आंतरराष्ट्रीय टार्गेटवर दहाच्या रिंगणाचा व्यास १०.४ मिमी असतो, त्यामुळे तिथे दोन-तीन मिलिमीटरचा फरकही गुणांत दिसतो.

आता कागद वाचा. ग्रुप आडवा पसरला असेल तर बहुतेक वेळा वारा, उभा पसरला असेल तर बहुतेक वेळा काडतुसांच्या वेगातला फरक. दोन वेगळे घोळके दिसले, म्हणजे तीन इकडे आणि दोन तिकडे, तर स्क्रू, बेडिंग (स्टॉकमधली रायफलची बैठक) किंवा स्कोप. हे बॅरलचं लक्षण सहसा नसतं. पहिली गोळी बाहेर आणि उरलेल्या एका जागी, हे स्वच्छ किंवा तेलकट नळीचं लक्षण. थंड असताना ग्रुप घट्ट आणि गोळ्या वाढतील तसा एका दिशेने सरकत जाणारा, हे तापमानाचं. सफाईपासूनच्या गोळ्या वाढत गेल्या तसा हळूहळू उघडत जाणारा आणि सफाई केली की पुन्हा मिटणारा ग्रुप म्हणजे मळ. सफाईनंतरही न मिटणारा, सगळ्या दिशांनी सारखा पसरलेला ग्रुप असेल तर मात्र क्राउन किंवा थ्रोटकडे वळायची वेळ झाली.

एखादं भोक गोल न दिसता लांबट दिसलं, जणू गोळी आडवी होऊन गेली, तर तो दिवस तिथेच संपवा. गोळीला पुरेशी फिरकी मिळत नाहीये. गोळी त्या बॅरलच्या फेऱ्यासाठी फार लांब असेल, रायफलिंग संपलेलं असेल, किंवा तोंडाशी गंभीर दुखापत असेल. यातलं काय आहे ते कळेपर्यंत पुढची फैर नको.

## तिसरी पायरी: डोळ्याने आणि हाताने तपासणी

सुरुवात क्राउनपासून. सफाई करण्यापूर्वी पाहा, कारण मळच इथे साक्षीदार आहे. काही गोळ्या झाडल्यानंतर नळीच्या तोंडाभोवती काजळीचा तारा उमटतो. प्रत्येक खाचेतून बाहेर फेकला गेलेला एक-एक किरण. किरण सारख्या लांबीचे आणि सारख्या गडदपणाचे असतील तर वायू सगळीकडून सारखा सुटतोय. एखादा किरण लांब, फिकट किंवा तुटलेला दिसला तर त्या जागी भिंगाखाली बघा.

दुसरी चाचणी कान साफ करायच्या कापसाच्या काडीची. तोंडातून कापूस जरा आत घाला आणि कडेवरून बाहेरच्या दिशेने हलकेच ओढत पूर्ण फेरी फिरवा. जिथे तंतू अडकून निघतील तिथे कडेला कूस आहे, म्हणजे धातूची बारीक उठलेली धार. डोळ्याला न दिसणारी कूसही कापूस पकडतो.

मग नळी. बोल्ट काढलेला आहे याची पुन्हा खात्री करून ब्रीचकडे, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाकडे, छोटा दिवा किंवा पांढरा कागद धरा आणि तोंडाकडून बघा. नंतर उलट बाजूनेही. उजेड तिरका पडला की दोष उठून दिसतात. लँडच्या कडा तोंडापासून ब्रीचपर्यंत सारख्या धारदार दिसायला हव्यात. काळपट ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे असू शकतात. खाचांत करड्या, चमकदार पट्ट्या असतील तर शिसं, तांबूस झाक असेल तर तांबं. आणि नळीत कुठे एक पूर्ण गोल काळी कडी सावलीसारखी दिसली तर सावध व्हा. कधीतरी आत काहीतरी अडकलेलं असताना गोळी झाडली गेली आणि नळी तिथे फुगली, असा त्याचा अर्थ निघू शकतो. बाहेरून बोट फिरवल्यावर उंचवटा लागला तर संशय उरत नाही. फुगलेल्या बॅरलवर घरचा उपाय नाही. ती गनस्मिथकडेच जायला हवी आणि तोवर एकही गोळी झाडायची नाही.

हाताची चाचणी मला सगळ्यात जास्त शिकवून गेली आहे. ती पुढच्या पायरीतल्या सफाईनंतर करा. स्वच्छ केलेल्या नळीत जॅगवर (सफाईच्या रॉडच्या टोकाला चिंधी धरणारा तुकडा) घट्ट बसेल अशी, अगदी किंचित तेल लावलेली चिंधी ब्रीचकडून हळू, एकाच गतीने पुढे ढकला. डोळे मिटले तरी चालतील. सगळं लक्ष तळहाताकडे द्या. चांगल्या बॅरलमध्ये विरोध सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा असतो, किंवा तोंडाकडे जाताना किंचित वाढतो. मध्येच रॉड गपकन पुढे गेला तर तिथे नळी सैल आहे. खरखर जाणवली तर तिथे मळाचा थर राहिलाय किंवा पृष्ठभाग खडबडीत झालाय. तोंडाच्या शेवटच्या बोटभर अंतरात अचानक ढिलं लागणं हे सगळ्यात वाईट लक्षण, कारण गोळीला शेवटचं मार्गदर्शन तिथेच मिळतं. जुन्या, वर्षानुवर्षं तोंडाकडून साफ केलेल्या रायफलींत हे नेमकं आढळतं.

बोअरस्कोप, म्हणजे नळीत घालायचे बारीक कॅमेरे, आता सहज मिळतात, आणि त्यांनी जितके प्रश्न सोडवले तितकेच नवे निर्माणही केले आहेत. पडद्यावर कित्येक पट मोठी दिसणारी नळी कुणालाही घाबरवते. यंत्रकामाच्या आडव्या रेघा, थ्रोटपुढची बारीक जाळी, थोडा तांब्याचा थर, हे सगळं उत्तम ग्रुप देणाऱ्या बॅरलमध्येही दिसतं. बोअरस्कोपचा खरा उपयोग तुलनेसाठी: नवी असतानाचं चित्र, हजार गोळ्यांनंतरचं चित्र. कागद चांगला असेल तर पडद्यावरच्या दृश्यासाठी बॅरल बदलू नका.

## चौथी पायरी: सफाई

रायफलची बॅरल गोळीने झिजते त्याहून लवकर वाईट सफाईने झिजू शकते. विशेषतः .२२ मध्ये, कारण तिथे गोळी मऊ शिशाची असते आणि रॉड पोलादाचा.

रॉड एकसंध हवा, कोटिंगचा किंवा कार्बन फायबरचा. तुकडे जोडायच्या अ‍ॅल्युमिनियमच्या रॉडमध्ये दोन दोष: सांध्यांच्या कडा लँडवर घासतात, आणि मऊ धातूत रेतीचे कण रुतून बसतात. बोल्टच्या जागी बोअर गाइड बसवा, म्हणजे रॉड मध्यावर राहतो आणि सॉल्व्हंट ट्रिगरमध्ये किंवा स्टॉकमध्ये गळत नाही. प्रत्येक फेरीनंतर रॉड पुसा. रायफल आडव्या घोडीवर, तोंड किंचित खाली.

चिंधी ब्रीचकडून आत, तोंडातून बाहेर, तिथेच काढून टाका आणि रॉड रिकामा मागे घ्या. मळलेली चिंधी पुन्हा नळीतून मागे ओढायची नाही. ब्रश मध्यातच उलटा फिरवायचा नाही, पूर्ण बाहेर जाऊ द्या. ब्रॉन्झचा किंवा नायलॉनचा ब्रश चालतो, स्टेनलेस स्टीलचा कधीच नाही. ज्या रायफली ब्रीचकडून साफ करताच येत नाहीत त्यांना दोरीचा पुल-थ्रू (चिंधी ओढून नेणारी दोरी) वापरा आणि दोरी नळीच्या रेषेत सरळ ओढा. तिरकी ओढलेली दोरी कालांतराने क्राउनवर खाच पाडते.

.२२ रिमफायरसाठी मी साधा क्रम सांगेन. दोन ओल्या चिंध्या, पाच-दहा मिनिटं थांबणं, मग कोरड्या चिंध्या जवळजवळ स्वच्छ येईपर्यंत. बहुतेक वेळा एवढंच पुरतं, कारण गोळीवरच्या मेण-वंगणाचा पातळ थर नळीत असणं .२२ ला मानवतं. मात्र एक जागा वेगळी आहे. चेंबर संपून रायफलिंग सुरू होतं तिथे, केसच्या, म्हणजे काडतुसाच्या टरफलाच्या, तोंडापुढे, कार्बनची टणक कडी साठते. रिमफायरच्या प्रायमर, म्हणजे बारूद पेटवणाऱ्या, मिश्रणात काचेची बारीक पूड असते, तीही या थरात मिसळते. नुसत्या चिंध्या या कडीवरून घसरत जातात. तिथे कार्बन सॉल्व्हंट लावून थोडा वेळ भिजू द्या आणि ब्रॉन्झ ब्रश फक्त तेवढ्या भागात काही वेळा फिरवा. अकारण उघडलेले ग्रुप आणि चेंबरमध्ये घट्ट बसणारं काडतूस ही दोन्ही लक्षणं एकत्र दिसली तर आधी या कडीवर संशय घ्या.

सेंटरफायरमध्ये गोळीवर तांब्याच्या मिश्रधातूचं आवरण असतं, त्यामुळे नळीत कार्बन आणि तांबं थरावर थर बसतात. आधी कार्बन काढा, मग तांबं. वर कार्बन असेल तर तांब्याचं सॉल्व्हंट खाली पोचतच नाही. तांब्यावर काम करणारी अमोनियायुक्त सॉल्व्हंट चिंधीवर निळा-हिरवा रंग सोडतात. रंग फिका होत गेला की काम होत आलं. इथे फसगत होते ती पितळी जॅगमुळे: पितळेतलं तांबंही तोच निळा रंग देतं आणि माणूस स्वच्छ नळी तासभर घासत बसतो. ब्रॉन्झच्या ब्रशचंही तेच. तांबं काढताना निकेल मुलाम्याचा किंवा प्लास्टिकचा जॅग आणि नायलॉन ब्रश वापरा. बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ अमोनियाचं सॉल्व्हंट नळीत ठेवू नका, रात्रभर तर मुळीच नाही. शेवटी पूर्ण पुसून तेलाची चिंधी फिरवा. वेगवेगळी रसायनं एकमेकांत मिसळायची नाहीत, आणि ब्लीच असलेलं काहीही अमोनियाजवळ आणायचं नाही. त्यातून विषारी वायू सुटतो.

घर्षण करणारी पेस्ट हा शेवटचा इलाज. ती मळ काढते तसं थोडं पोलादही काढू शकते. वापरायचीच तर क्राउनच्या आत थांबा, रॉड तोंडाबाहेर जाऊ देऊ नका.

जुन्या लष्करी साठ्यातली काडतुसं वापरली असतील तर नियम बदलतात. त्यांतल्या काहींच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असतं आणि ते जळून नळीत मीठ उरतं, जे हवेतला ओलावा ओढून घेतं. हे मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यातच विरघळतं. म्हणून त्याच दिवशी गरम पाण्याच्या चिंध्या, मग पूर्ण कोरडं, मग नेहमीची सफाई आणि तेल.

एअर रायफलला यातलं जवळजवळ काहीच लागू नाही. तिथे बारूद नाही, मॅच रायफलमध्ये पेलेटचा वेग सेकंदाला १७०-१७५ मीटरच्या आसपास, त्यामुळे झीज नगण्य. कोरडे फेल्टचे पेलेट नळीतून काढले की पुरे. सॉल्व्हंट आणि पेट्रोलियमचं तेल टाळा. सील खराब होतात, आणि स्प्रिंगच्या एअर रायफलमध्ये तेल दाबाखाली पेटही घेऊ शकतं. स्प्रिंगच्या रायफलमधून एकटा फेल्ट झाडू नका. तो इतका हलका असतो की पिस्टनला रिकाम्या झाडण्यासारखा दणका बसतो. तिथे तो पुल-थ्रूने ओढून काढा.

हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, काम झाल्यावर खाण्यापूर्वी हात साबणाने धुवा. चिंध्यांवरच्या काळ्या मळात शिसंही असतं.

## पाचवी पायरी: पुन्हा चाचणी

स्वच्छ नळी म्हणजे लगेच अचूक नळी नव्हे. सेंटरफायरला सहसा दोन-चार, .२२ ला पाचपासून वीसपर्यंत गोळ्या लागतात, तेव्हा कुठे नळी "बसते". काडतुसाचा ब्रँड बदलला तरी .२२ मध्ये हेच होतं, कारण प्रत्येकाचं वंगण वेगळं. या गोळ्या मोजणीत धरू नका, पण कितव्या गोळीला ग्रुप स्थिरावला ते लिहून ठेवा. तो आकडा तुमच्या बॅरलचा स्वभाव आहे आणि स्पर्धेच्या सकाळी तोच उपयोगी पडतो. मग दुसऱ्या पायरीसारखेच ग्रुप मारा आणि कागद शेजारी ठेवा.

किती गोळ्यांनी साफ करायचं, यावर दोन चांगल्या नेमबाजांचं एकमत होणार नाही. मी एकच गोष्ट मानतो: ग्रुप उघडायला लागतो तो आकडा नोंदीतून शोधा आणि त्याच्या थोडं आधी साफ करा. नव्या बॅरलला एकेक गोळी झाडून दर वेळी साफ करायच्या "ब्रेक-इन"च्या विधीबद्दलही उत्पादकांतच मतभेद आहेत. ज्यांनी बॅरल बनवली त्यांच्या पुस्तिकेत असेल ते करा, नसेल तर त्याच्यासाठी झोप घालवू नका.

## खरी झीज: थ्रोट आणि उष्णता

सेंटरफायर बॅरल मरते ती बहुतेक वेळा थ्रोटकडून. जळत्या बारुदाचा वायू २५०० अंश सेल्सियसच्या घरात असतो. पोलाद त्याच्या कितीतरी आधी वितळलं असतं. वाचतं ते फक्त संपर्क क्षणाचा असतो म्हणून. गोळी नळीत जेमतेम एक-दीड मिलिसेकंद असते. तीन हजार गोळ्यांचं आयुष्य म्हणजे प्रत्यक्ष कामाचे पाच सेकंदसुद्धा नाहीत! दर फैरीला पृष्ठभाग तापतो, थंड होतो, त्याला बारीक भेगांची जाळी पडते, आणि वायू त्या जाळीच्या कडा खात खात पुढे सरकतो. लँडची सुरुवात तोंडाकडे सरकत जाते, गोळीला तिथवर जास्त अंतर मोकळं उडत जावं लागतं आणि ती सरळ शिरेलच याची खात्री कमी होत जाते.

म्हणूनच लहान नळीतून जास्त बारूद जाळणारी काडतुसं बॅरल लवकर खातात. .३०८ ची चांगली सांभाळलेली बॅरल साधारण पाच हजार गोळ्या किंवा त्याहून जास्त चालते, ६.५ क्रीडमूरची स्पर्धेच्या दर्जाने दोन-तीन हजार, आणि मोठ्या मॅग्नमची हजार-दीड हजारांत उतरणीला लागते. हे अंदाज आहेत. शिस्तीने मारलेली आणि लाल होईस्तोवर तापवलेली बॅरल यांचं आयुष्य सारखं नसतं. .२२ मध्ये दाबही कमी आणि बारूदही चिमूटभर, त्यामुळे हा प्रश्न जवळपास येतच नाही.

थ्रोट झिजल्याची खूण अशी: सफाई करूनही न सुधारणारे ग्रुप, अधूनमधून एखादी गोळी विनाकारण बाहेर, आणि क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) त्याच लॉटचा, तशाच तापमानातला वेग पूर्वीपेक्षा उतरलेला. तिन्ही एकत्र दिसली तरच निकाल द्या.

तापलेल्या बॅरलचा प्रश्न वेगळा, तो झिजेशिवायही येतो. ६६० मिमीची बॅरल ५० अंशांनी तापली तर ती सुमारे ०.४ मिमी लांबते. त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते पोलादात बनवतानाचा ताण राहून गेला असेल आणि नळी तापताना एका बाजूला वळत असेल तेव्हा, किंवा ती तापून स्टॉकला टेकायला लागली तेव्हा. शिवाय तापलेल्या नळीवरून उठणारी हवेची थरथर स्कोपमध्ये टार्गेट हलवते आणि दोष बॅरलच्या माथी जातो. चेंबरच्या पुढे नळीवर हात काही सेकंद ठेवता येत नसेल तर थांबा. बोल्ट उघडा ठेवा, पुढचं काडतूस तापलेल्या चेंबरमध्ये शिजत ठेवू नका. काडतूस तापलं की दाब आणि वेग दोन्ही बदलतात.

## सहावी पायरी: इलाज

क्राउन खराब असेल तर री-क्राउनिंग. गनस्मिथ लेथवर नळीचं तोंड अगदी थोडं कापून कड नव्याने, नळीच्या अक्षाला काटकोनात करतो. सगळ्या मोठ्या कामांत हे सगळ्यात छोटं आणि बऱ्याचदा सगळ्यात फलदायी. घरी ड्रिल मशीन आणि पॉलिश पेपर घेऊन हे करायचे सल्ले फिरत असतात. केंद्र जरा चुकलं तर होता त्याहून वाईट क्राउन तयार होतो.

थ्रोट झिजला असेल आणि बॅरल पुरेशी लांब असेल तर मागचा भाग कापून चेंबर नव्याने कापता येतं. पुढचं रायफलिंग चांगलं असेल तरच त्याला अर्थ. गंजाच्या खड्ड्यांवर इलाज नाही. पण खड्डे असलेली बॅरलही कधीकधी चांगले ग्रुप देते, फक्त लवकर मळते आणि वारंवार साफ करावी लागते. तोंडाकडचा भाग रॉडने झिजला असेल तर तेवढा कापून नवा क्राउन करणं हा पर्याय असतो, अर्थात लांबीची कायदेशीर मर्यादा सांभाळून. बॅरल कापणं, बदलणं, चेंबरला हात लावणं याला बहुतेक देशांत परवानाधारक माणूसच लागतो, आणि हेडस्पेस (चेंबर आणि बोल्टमध्ये काडतुसाला मिळणारी जागा) चुकलं तर केस फुटून वायू तोंडावर येऊ शकतो. इथे हौस नको.

## ठेवताना

रेंजवरून आल्यावर रायफल लगेच कपाटात घालू नका. थंड जागेतून उबदार जागेत आणली तर नळीत आतून दव साचतं. आधी तिला खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग पुसा. फोमच्या केसमध्ये महिनोन्महिने ठेवणं हा गंज बोलवायचा हमखास मार्ग आहे, कारण फोम ओलावा धरून ठेवतो. नळीत पातळ तेलाची एक चिंधी फिरवा, तोंड किंचित खाली करून ठेवा म्हणजे तेल उतरून बेडिंगमध्ये आणि ट्रिगरमध्ये जाणार नाही. कपाटात सिलिका जेल ठेवा आणि ते वेळच्या वेळी सुकवा. स्टेनलेस बॅरल गंजत नाही या समजुतीत राहू नका. बॅरलसाठी वापरतात त्या स्टेनलेसमध्ये क्रोमियम साधारण १२ टक्के असतं, ते गंजतं, फक्त सावकाश.

पुन्हा बाहेर काढाल तेव्हा पहिल्या गोळीपूर्वी तेल कोरड्या चिंध्यांनी पूर्ण काढायचं आहे. नळीत साचलेलं तेल पहिली गोळी भलतीकडे नेतंच, पण जास्त असेल तर दाबही वाढवतं. बोल्टच्या मुठीला "नळीत तेल आहे" अशी चिठ्ठी बांधून ठेवा, आणि चिंध्या फिरवून झाल्यावर नळीतून आरपार उजेड दिसतोय हे पाहिल्याशिवाय ती सोडू नका.